'कळावे'च्या खालच्या ओळी

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात लॉजिक शिकवलंय. धूर दिसला की आग आहे असं कधी म्हणावं आणि कधी म्हणू नये, यावर मुलांची डोकी खाण्यात माझा जन्म गेला. माझे वडील शिरोड्याला प्राथमिक शिक्षक. देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ ठेवायची रीत त्यांनी आमच्या घरापुरती बंद केली होती आणि त्यापायी भावकीची बोलणीही खाल्ली होती. अशा घरातली मी... असलं काही लिहायला बसेन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. नात म्हणाली, आजी, इथे लोक आपले अनुभव सांगतात, तू बोल, मी टाइप करते. म्हणून सांगतेय. ज्यांची ही हकिगत आहे त्यांतलं आता कोणी हयात नाही. तरी नावं बदलली आहेत.

चौसष्ट-पासष्टची गोष्ट. तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता, आमचं सगळं रत्नागिरीतच होतं. वेंगुर्ल्याला कॉलेज निघून थोडीच वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झाले त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. आई धाकट्या दोघांना घेऊन शिरोड्याला राहिली आणि मी वेंगुर्ल्यात मावशीकडे आले. मावशीचे यजमान स्वभावाने सरळ. म्हणाले, "राहा, जेव, पण फीचं तुझं तू बघ."

मग मी बघितलं. सकाळी साडेसात ते अकरा कॉलेज, बारा ते सहा काजूचा कारखाना. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक लांबलचक कौलारू शेड होती, तिथे दीड-दोनशे बायका काजू फोडायला बसत. मी हजेरी घ्यायची आणि गर वजन करून घ्यायची. बायका मला 'कालिजातली बाय' म्हणत. सगळ्या कारखान्यात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच.

म्हणून आणखी एक काम आपोआप माझ्याकडे आलं. दुपारच्या सुट्टीत शेडमागच्या फणसाखाली बायका पत्रं घेऊन यायच्या. कोणाचा घोव, म्हणजे नवरा, मुंबईला गिरणीत, कोणाचा झील, म्हणजे मुलगा, बोटीवर. काजूच्या चिकाने त्यांचे हात काळेकुट्ट झालेले असत, राख चोळून चोळून भेगा पडलेल्या. पत्राला डाग लागू नये म्हणून त्या पाकीट पोलक्यात ठेवून आणत आणि दोन कोपरांत धरून माझ्यापुढे करीत. फोडायची मी, वाचायची मी, आणि उत्तरही मीच लिहायची. पत्र एकीचं, पण ऐकायला पंचवीस जणी बसलेल्या. तेव्हा कोणाला त्यात गैर वाटत नसे.

त्या बायकांत भागीकाकी होती. पन्नाशीची, विधवा, आवाज खणखणीत. तिचा एकुलता एक मुलगा सदू परदेशी जाणाऱ्या मालबोटीवर खलाशी होता. सदूची बायको शेवंती सासूच्याच शेजारी बसून काजू फोडायची. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. हात इतका चालायचा की फुटका गर तिच्या टोपलीत क्वचितच सापडे. बोलायची कमी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं... आणि हे तिला दिवसातून एकदा तरी कोणीतरी ऐकवायचंच.

दिवाळीनंतर एका दुपारी भागीकाकी माझ्यापुढे येऊन बसली. "लिव गो बाय, सदूक." शेवंती तेव्हा विहिरीवर गेली होती. काकी सांगत गेली, मी लिहीत गेले. नमस्कार-चमत्कार झाले आणि मग — "लिव, चार वर्सां झाली, पाळणो हललो नाय. शेवंतीक मी माहेराक धाडतंय. दुसरा चेडू बगून ठेवलंय. तू फक्त हो म्हण."

माझं पेन थांबलं. "काकी, असं दुसरं लग्न आता कायद्यानं चालत नाही."

"कायदो तुज्या कालिजात. तू लिव."

मी लिहिलं. हे मला मान्य केलंच पाहिजे. शेवंतीच्या हातचा आवळा मी कामावर येताच खाल्ला होता, आणि सुट्टीत तिलाच घराबाहेर काढायचं पत्र शुद्ध मराठीत, नीट र्‍हस्व-दीर्घ सांभाळून लिहून दिलं. तेव्हापासून माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. शेवंतीकडे बघवत नसे. लेक्चरला बसले की कारखाना डोळ्यांपुढे, कारखान्यात बसले की उद्याची ट्युटोरियल. असेच दोन महिने गेले.

मग सदूचं उत्तर आलं. परदेशी तिकिटाचं पाकीट, म्हणून त्या दिवशी फणसाखाली जरा जास्तच गर्दी. शेवंती सगळ्यांच्या मागे, शेडच्या खांबाला टेकून उभी. मी केसातला आकडा काढून पाकीट फोडलं. आत वहीचा एक रेघी कागद. एकच. जांभळ्या शाईपेन्सिलीने लिहिलेला, सदूचं ते ओळखीचं वाकडं अक्षर.

वाचायला लागले. "तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार विनंती विशेष..." बोट अमुक बंदरात लागली आहे, तब्येत बरी आहे, घराची कौलं परतून घे, आंब्यावर मोहर आला का, अशी एक बाजू भरली. पान उलटलं. थोडा मजकूर आणि मग 'कळावे'. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. काकीच्या कपाळाला आठी. मी कागद घडी घालणार तेवढ्यात दिसलं, 'कळावे'च्या खाली अजून ओळी आहेत. तेच अक्षर, तीच पेन्सिल.

मी वाचल्या. जशा होत्या तशा, मोठ्याने.

"आये, शेवंतीक खंय धाडू नको. तिचो कायएक दोष नाय. दोष माजो आसा. लगीन झाला त्याच वर्सा बोटीर माका गालगुंड झाला. तेवा हॉस्पिटलात दाक्तरान सांगल्यान, तुका आता पोर होवचा नाय. माका सांगूक लाज वाटली, म्हणान इतकी वर्सां तिका बोल खावक लागले."

वाचताना एक गोष्ट मनात येऊन गेली, ती मला अजून आठवते — पत्रात हा मालवणी कशी काय लिहितोय? बोलताना आम्ही सगळे मालवणीच, पण पत्र म्हटलं की 'साष्टांग नमस्कार' आणि 'आपला आज्ञाधारक'. मी शेकड्याने पत्रं वाचली होती, घरची भाषा मी कागदावर पहिल्यांदाच बघत होते.

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. "गालगुंड गालाक होता गो, पोराचो काय संबंध?" दोघी-तिघी हसल्या. शेवंती हसली नाही. ती खाली बसली, दोन्ही काळे हात मांडीवर उताणे ठेवून. भागीकाकीने माझ्या हातातून कागद ओढला, पोलक्यात कोंबला आणि शेडमध्ये न जाता सरळ घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून पोचते तर बाबल मुकादम दारातच. "बाय, आपिसात बोलवलेत."

मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर तो कागद पसरलेला होता. भागीकाकी भिंतीला धरून उभी. तिने रात्रभर तळमळून सकाळीच शाळेतल्या गुरुजींकडून पत्र परत वाचून घेतलं होतं.

"बाई," साहेब म्हणाले, "जरा वाचा हे. शेवटपर्यंत."

मी वाचलं. 'कळावे'पाशी आले... आणि खाली काही नव्हतं. अर्धं पान कोरं. कोऱ्या रेघा फक्त. पहिल्या रेघेवर पेन्सिल टेकवल्यासारखा एक जांभळा ठिपका, बस्स. मी कागद उलटा केला, सुलटा केला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. खोडल्याची खूण नाही, खरवडल्याची नाही.

"माज्या झिलाक नपुंसक केल्यान हिणा!" काकी ओरडली. "पंचवीस बायलांच्या म्होरे! काय वायट केलेलंय मी तुजा?"

"काकी, होतं इथे. मी बघितलंय."

"मग खंय गेला? मुंगयेन खाल्ल्यान?"

साहेब माणूस वाईट नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला त्या मुलीची दया आली असेल. मी समजू शकतो. पण बायका तुमच्या वाचण्यावर विसंबतात. तुम्ही चूक कबूल करा, सगळ्यांसमोर माफी मागा, विषय संपला. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

इंटरच्या परीक्षेचा फॉर्म याच पगारातून भरायचा होता. मी कोऱ्या कागदाकडे बघत उभी राहिले. डोळ्यांनी पाहिलेलं खरं की हे समोर दिसतंय ते खरं? आणि मनाच्या एका कोपऱ्यात वाटायला लागलं, आपणच रचलं असेल. ते पत्र लिहून दिल्याची टोचणी होतीच ना...

दुपारी फणसाखाली उभं राहून मी माफी मागितली. "मी वाचलं ते पत्रात नव्हतं. माझी चूक झाली." शेवंतीच्या शेजारी बसणारी एक म्हातारी पुटपुटली, "तुजा बोट पार तळाक गेला हुता गो, ओळीन्ओळ. मी बगलंय." पण तिला अक्षरओळख नव्हती. तिचं कोण ऐकणार?

आठ दिवसांत शेवंतीला माहेरी धाडलं. तिची जागा शेडमध्ये रिकामी राहिली नाही, दुसरी बाई बसली. पण हजेरी घेताना माझ्या तोंडून दोनदा तिचं नाव निघालं.

माझी झोप गेली. पुस्तक उघडलं की शेवटच्या ओळीपाशी यायला भीती वाटे. छापलेलं पान संपलं तरी मी खालच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवून बघायची. लॉजिकच्या सरांना मी आडून विचारलं, माणसाला नसलेलं दिसू शकतं का? ते म्हणाले, दिसतं, ज्याची इच्छा असते ते दिसतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शेवंतीचा दोष नाही असं मला हवं होतं हे कबूल... पण गालगुंड? ते माझ्या डोक्यात कुठून येईल? गालगुंडाने पुढे असं काही होऊ शकतं हे मला कुठे माहीत होतं? रचायचंच असतं तर काहीतरी पटण्यासारखं नसतं का रचलं?

शेवंतीचं माहेर शिरोड्याच्या अलीकडे. एका रविवारी आईकडे जाताना मी एस.टी.तून मध्येच उतरले. ती खळ्यात वाळत घातलेली सुपारी उलटत होती. मला बघून उठली, पाणी दिलं आणि समोर बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माका बरा वाटूचा म्हणान वाचलंस तू ता?"

"नाही. मला दिसलं म्हणून वाचलं."

"मगे माफी कित्याक मागलंस?"

परीक्षेचा फॉर्म, असं सांगायला जीभ रेटेना. ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. मग स्वतःच म्हणाली, "त्या एका दिसाक मी सुखान झोपलंय. चार वर्सांत पयल्यांदा."

त्याच रात्री मी आईच्या घरी बसून सदूला पत्र लिहिलं. त्याच्या बोटीच्या एजंटाचा पत्ता मला पाठ होता, काकीची पत्रं मीच तर लिहायची. फार काही लिहिलं नाही. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, 'आईला पाठवलेल्या पत्रात कळावेच्या खाली तुम्ही काही लिहिलं होतं का? तुमच्या पत्नीस माहेरी पाठवले आहे.' मी काय वाचलं ते लिहिलं नाही. एका परक्या पुरुषाला तसलं लिहायची हिंमतच नव्हती.

उत्तर आलं नाही. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात तो स्वतःच आला.

मी कॉलेजातून कारखान्याकडे चालले होते. भर दुपारचं ऊन. बंदराकडून एक माणूस खांद्यावर ट्रंक घेऊन येत होता, सकाळच्या आगबोटीने उतरलेला. घरीही गेला नव्हता. मला ओळखत नव्हता, पण हातातल्या वह्या बघून थांबला.

"कालिजातली बाय तू?"

"हो."

ट्रंक खाली ठेवली. "काय वाचलंस तू?"

मी सांगितलं. मान खाली घालून, रस्त्याच्या धुळीकडे बघत, शब्दान्‌शब्द. ते सगळं मला पाठ होतं, अजूनही आहे. संपल्यावर वर बघितलं तर तो ट्रंकेवर बसला होता. काळाभोर, दांडगा माणूस, आणि ओठ पांढरे पडलेले.

"ह्या तुका कोणी सांगल्यान? आमच्या बोटीरचो कोण भेटलो?"

"कोणी नाही. तुमच्या पत्रात होतं."

"नव्हता," तो म्हणाला. "मी लिवकच नाय." नंतर बोलला ते रस्त्याशीच बोलल्यासारखं. "आयेचा पत्र इला तेवा ठरवलेलंय, आता सांगूया. पत्र लिवन पुरा केलंय. खाली जागा ठेवलेलंय. मनात सगळा जुळवलंय, असाच, ह्याच शब्दांनी. कागदार पेन्सिल टेकवलंय... आणि हात उठलो नाय. कितको वेळ तसोच बसलंय. मगे घडी घातलंय आणि टाकलंय टपालात. गालगुंडाचा तर मी माज्या भावासारख्या दोस्ताकय सांगूक नाय."

आम्ही दोघं त्या उन्हात किती वेळ होतो माहीत नाही. एक बैलगाडी गेली, गाडीवानाने वळून बघितलं. तो उठला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "चल."

दुपारची सुट्टी होत होती. बायका फणसाखाली जमल्या होत्या, भागीकाकी पानाची चंची उघडून बसली होती. मुलाला अचानक समोर बघून ती उठायला गेली, तर तो म्हणाला, "बस गे आये." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला —

"हिणा वाचलेला खरा आसा. मीच लिवलेलंय. दोन कागद होते. दुसरो वाऱ्यान उडालो आसतलो, हिका कळूक नाय."

काकीच्या हातातून चंची गळली. कोणी हसलं नाही. तो तसाच वळला आणि ट्रंक घेऊन शिरोड्याच्या एस.टी.साठी निघून गेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. इतकं खरं बोललेला माणूस, त्यात एक खोटं मिसळून गेला... आणि ते खोटंच सगळ्यांनी लगेच मानलं. साहेबांनी मला बोलावून दिलगिरी व्यक्त केली. गुरुजी म्हणाले, तरीच! मावशी म्हणाली, बघ, कागद नीट सांभाळायला हवेत. वेंगुर्ल्यात ही गोष्ट 'हरवलेल्या कागदाची' म्हणून चार दिवस चालली आणि विसरली गेली. काही विचित्र घडलं होतं असं कोणालाच वाटलं नाही. एक कागद दोन झाले आणि प्रश्न सुटला.

सदू शेवंतीला घेऊन आला, आणि पावसाआधी दोघं मुंबईला गेली. त्याने बोट सोडली, गोदीत लागला. दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिली. मूल झालं नाही. मी पास झाले, पुढे शिकले, शिकवायला लागले. पन्नाशीत एका डॉक्टर मैत्रिणीला सहज म्हणून गालगुंडाबद्दल विचारलं. ती म्हणाली, मोठ्या वयात झालं तर क्वचित तसं होतं. मी चहा संपवला आणि घरी आले.

किती पर्याय मी तपासले असतील! मी आधी कुठे ऐकलं असेल — पण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. तो खोटं बोलला असेल, खरंच दुसरा कागद असेल — पण मी वाचलं ते दुसऱ्या कागदावर नव्हतंच, ते 'कळावे'च्या खालीच होतं, आणि तिथे कोरं पान मी स्वतः उजेडात धरून बघितलंय. योगायोग? तेच शब्द, तोच क्रम? मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य मार्क दिले असते. आणि दुसरं उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर मुंबईहून सदूचं पहिलं पत्र आलं. सहा महिने भागीकाकी माझ्याशी बोलली नव्हती. त्या दुपारी बाकीच्या बायका जेवायला बसल्यावर ती एकटीच माझ्यापाशी आली. कोपरात धरलेलं पाकीट पुढे केलं. मी फोडायला घेतलं तर तिने माझ्या मनगटावर आपला काळा हात ठेवला. माझ्याकडे एकटक बघत, अगदी हळू म्हणाली,

"वाच गो चेडवा. पण लिवलेला आसा तितक्याच वाच."

मी वाचलं. सावकाश, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. 'कळावे' आलं तिथे थांबले.

"आणि खाली?" तिने विचारलं.

"खाली काही नाही, काकी."

ती कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली.